कोकणात पेंढ्याच्या गासड्यांचं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुहागर तालुक्यात, समुद्रापासून साडेचार किलोमीटर आत, सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, उतरणीवर आम्ही मित्रमंडळींनी मिळून दोन खोल्यांचं घर बांधलं. तीन भिंती भाताच्या पेंढ्याच्या गासड्यांच्या, पश्चिमेची चिऱ्याची, म्हणजे घडवलेल्या जांभ्या दगडाची. घराने चार पावसाळे काढले. तेव्हापासून फोनवर, एसटीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. एका उत्तराचं शेपूट दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. गासड्यांचं घर म्हणजे आपलं कुडाचंच घर ना?

नाही. कुडात कारवीचा किंवा बांबूच्या कामट्यांचा ताटवा असतो आणि भिंत खरी शेणामातीची, चार-पाच बोटं जाड. इथे दाबून बांधलेली पेंढ्याची गासडी चिऱ्यासारखी सांधेमोड करत रचतात आणि दोन्ही अंगांनी गिलावा करतात. भिंत दीड फुटाच्या पुढे जाते. आमच्या खिडकीत मांडी घालून बसता येतं, आणि घरात येणारा प्रत्येक जण आधी तिथेच जाऊन बसतो.

प्रकार मूळचा अमेरिकेतल्या नेब्रास्काचा. तिथल्या वाळूच्या टेकड्यांत लाकूड नव्हतं, दगड नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गासड्या बांधायची यंत्रं आली, तेव्हा लोकांनी तात्पुरता निवारा म्हणून गासड्या रचल्या आणि मग तिथेच राहिले. अलायन्स गावाजवळचं १९०३ चं घर आणि आर्थर गावातलं १९२८ चं चर्च ही त्यातली गाजलेली नावं. फ्रान्समध्ये माँतार्जी इथे १९२० च्या सुमाराचं एक घर आजही उभं आहे.

२. पण कोकणातल्या पावसात हे टिकेल का? खरं सांगा.

खरं सांगायचं तर वरची सगळी उदाहरणं आपल्याहून कितीतरी कमी पावसाच्या मुलखातली आहेत. नेब्रास्काच्या त्या टेकड्यांत वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आपल्याकडे तीन हजारांच्या पुढे, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तेव्हा ‘शंभर वर्षं टिकतं’ हे वाक्य तिकडून उचलून इकडे लावू नका.

पेंढा भिजला आणि लगेच सुकला तर त्याला काही होत नाही. आतल्या आत ओला राहिला की बुरशी धरते आणि मग तो कुजतो. सर्वमान्य हिशोब असा, की गासडीतली ओल वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे. आता कोकणातली गोम पाहा. श्रावणात एक थेंब आत न येतासुद्धा पेंढा नुसत्या हवेतून ओल धरतो. आमच्या उत्तरेच्या भिंतीत ऑगस्टमध्ये ओल मोजायचा मीटर (७ पाहा) १८ टक्के दाखवतो, दक्षिणेला एका वर्षी २१ दाखवला. दिवाळीनंतर दोन्ही १३ वर येतात. म्हणजे हवाच भिंतीला काठापर्यंत आणून सोडते. त्यावर एक फुटकं कौल, एक गळका नळ पुरतो.

म्हणून इथे घर बांधायचं ते इरल्यासारखं. लावणी करणारी बाई दिवसभर पावसात वाकलेली असते, पण इरल्याखाली पाठ कोरडी असते. खोल छप्पर, उंच जोतं, तिन्ही बाजूंनी पडवी. एवढं जमणार नसेल तर पुढचे प्रश्न वाचायची गरज नाही.

३. मग चिरा सोडून एवढा खटाटोप कशाला?

रास्त प्रश्न. पेंढ्याची भिंत उष्णता फार चांगली अडवते, पण कोकणात थंडी ती किती, आणि घर तापतं ते मुख्यतः छपरावाटे. त्यामुळे ‘एसी लागणार नाही’ या एकाच आशेवर हे घर बांधू नका. आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी आत नक्की बरं वाटतं, पण त्याचं निम्मं श्रेय पडवीला आणि कौलांना आहे.

पैशाचंही तसंच. भिंती हा घराच्या खर्चाचा लहान हिस्सा. जोतं, छप्पर, दारं-खिडक्या, वायरिंग, न्हाणीघर यांचा खर्च चुकत नाही. वाचते ती भिंतीची मजुरी, तीही मित्र आले तर.

आम्ही केलं याची कारणं साधी होती. शेजारच्या तीन घरांचा पेंढा दरवर्षी पडून राहायचा, कारण गुरं कमी झालीत. आणि हे काम गवंड्याशिवाय, हौशी माणसांना हाताने करता येतं. तुमच्याकडे पेंढाही नाही आणि माणसंही नाहीत, तर चिरा उत्तम आहे. गावातला गवंडी डोळे मिटून रचतो.

४. पेंढा कोणता घ्यावा? सड्यावरचं गवत चालेल का?

भाताचा पेंढा. त्यात सिलिका, म्हणजे वाळूत असतं तेच द्रव्य, भरपूर असतं, म्हणून तो सावकाश कुजतो. विळ्याने कापून हाताने झोडलेला पेंढा लांब आणि अखंड राहतो, गासडी घट्ट होते. मळणीयंत्रातून निघालेला तुकडे-तुकडे झालेला असतो, तो दोरीतून सांडतो.

झोडल्यावर लोंब्यांत दाणे राहिले असतील तर पुन्हा झोडा. आळस केलात तर उंदीर तो भरून काढतील (१५ पाहा). सड्यावरचं गवत टाळा. त्यात बी असतं, हिरवेपणा असतो, आणि ते लवकर किडतं.

रंग सोनेरी हवा. काळे ठिपके, करडी छटा किंवा उडवीच्या तळातला पेंढा असेल तर तो बाजूला. आंब्याच्या आढीत वापरलेला पेंढाही नको. एका काकांनी प्रेमाने दोन पेट्यांमधला काढून दिला होता. वास सुरेख होता, आणि त्यासोबत मुंग्याही.

५. आमच्याकडे गासड्या बांधायचं यंत्र नाही. हाताने होतं का?

होतं, आम्ही सगळ्या हातानेच बांधल्या. सुताराकडून फळ्यांची पेटी करून घ्या, आतून ९० सेंटिमीटर लांब आणि ४५ रुंद. तळाला आणि बाजूंना दोन खाचा ठेवा, त्यांतून दोन दोऱ्या आधीच पसरून ठेवायच्या. पेंढा आडवा, थरांनी भरायचा आणि प्रत्येक थरावर एकाने उभं राहून तुडवायचं. वर फळी ठेवून लांब दांड्याने दाबायचं. आम्ही आंब्याच्या बुंध्याला साखळी बांधून दांड्याचं टोक तिच्यात अडकवलं आणि दुसऱ्या टोकाला दोघं लटकले. उंची ३५ सेंटिमीटरवर आली की दोऱ्या आवळायच्या. गाठ गाडीवरचं ओझं आवळतात तीच, म्हातारी माणसं दोन मिनिटांत शिकवतात.

सुतळी वापरू नका, ती दमटपणात कुजते. प्लॅस्टिकची बारीक दोरी घ्या. चांगली गासडी १४-१५ किलो भरते, दोरीला धरून उचलली तर मधे वाकत नाही, आणि वर उभं राहिलं तर पाय रुतत नाही. पहिल्या दिवशी आमच्या सहा झाल्या, त्यातल्या चार सोडून परत बांधल्या. नंतर एका पेटीमागे दिवसाला वीसपर्यंत गेलो.

६. किती गासड्या लागतील?

गासडी आडवी रचली तर दर्शनी बाजू ९० × ३५ सेंटिमीटर, म्हणजे एका चौरस मीटरला सव्वातीन गासड्या. दारं-खिडक्या वजा करून भिंतींचं क्षेत्र काढा, सव्वातीनने गुणा, वर दहा टक्के धरा. आमच्या तीन भिंती ४० चौरस मीटर भरल्या, १४५ गासड्या बांधल्या. पेंढा झाला सव्वादोन टनांच्या आसपास. कोकणातल्या खाचरांच्या मानाने हे एका घराचं पीक नाही, तीन-चार घरांशी आधीच बोलून ठेवावं लागतं. तेही कापणीच्या आत, कारण उन्हाळ्यात गुरंवाले तो शोधत फिरतात.

खिडकीची रुंदी गासडीच्या पटीत ठेवली तर अर्धुकं कमी लागतात. अर्धी गासडी करायला मधून नवी दोरी ओवावी लागते. पोती शिवायचं दाभण लहान पडतं, लोहाराकडून हातभर लांबीची सळईची सुई करून घ्या.

७. गासडी आतून कोरडी आहे हे कसं ओळखायचं?

गवताच्या गासड्यांसाठी लांब सुईचा ओलमापक मिळतो, तो घ्याच. पूर्ण घरासाठी एक पुरतो आणि पुढे दर पावसाळ्यात लागतो. तो येईपर्यंत जुना उपाय: गासडीच्या पोटातून मूठभर पेंढा ओढून काचेच्या बरणीत झाकण लावून उन्हात ठेवा. काचेवर आतून दव धरलं तर गासडी ओली. हात कोपरापर्यंत खुपसून बघा, आत कोमट लागलं तर तिची वेळ गेली.

आमची चूक ऐका. पौषात अचानक ढग आले, म्हणून आम्ही अंगणातल्या थप्पीवर ताडपत्री गच्च आवळून टाकली. पाऊस आलाच नाही. ताडपत्री मात्र तशीच राहिली आठ दिवस. जमिनीतली ओल वर चढली, ताडपत्रीला आतून घाम फुटला आणि वरच्या दोन रांगांवर टपटपला. उघडलं तेव्हा अळंब्यांचा वास आला. एकतीस गासड्या गेल्या. बुरशीचा पेंढा गुरांना घालता येत नाही, शेवटी सुपारीच्या आळ्यांत पसरला. थप्पी नेहमी फळ्यांवर आणि छपराखाली. ताडपत्री घालायचीच तर वर हातभर मोकळी हवा ठेवून.

८. कामाला सुरुवात कधी करायची?

आदल्या वर्षी. जोतं उन्हाळ्यात बांधून ठेवा आणि एक पावसाळा नुसता बघा: पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, झड कोणत्या बाजूने मारते. आमचं जोतं त्या पावसानंतर एक थर वाढवलं.

पुढे असं: ऑक्टोबरात कापणी, परतीचा पाऊस संपला की पेंढा उन्हात, डिसेंबरात गासड्या. तोवर सुताराने सांगाडा आणि छप्पर उभं केलेलं हवं. जानेवारी-फेब्रुवारीत भिंती, मार्चपासून गिलावा. मेच्या मध्यापर्यंत शेवटचा हात फिरलाच पाहिजे. त्यानंतर आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं सुरू होतात आणि कोणी मित्र मिळत नाही, आपल्यालाही वेळ नसतो. शेवटचा हात राहिला असेल तर त्या भिंतीला पहिल्या पावसाआधी झापं (विणलेल्या झावळ्या) बांधा आणि गिलावा दिवाळीनंतर पुरा करा. जूनमध्ये घाईने केलेला गिलावा सुकत नाही.

९. सांगाडा न घालता गासड्यांवरच छप्पर ठेवलेलं व्हिडिओत पाहिलं. ते नको का?

नको. त्या पद्धतीत भिंत आधी उघड्यावर उभी राहते आणि छप्पर शेवटी. आपल्याकडे अवकाळी पावसाने सगळं पाण्यात जाईल. शिवाय छपराच्या वजनाने गासड्या बसतात, तेवढ्यासाठी थांबावं लागतं.

खांब, तुळया, वासे आधी, कौलं चढवायची, मग सावलीत बसून भिंती भरायच्या. लाकूड किंजळ, ऐन किंवा जुन्या घराचं. स्वतःच्या जागेतला ऐन-साग तोडायलाही परवानगी लागते, हे विसरू नका. बांबूच्या काठ्या भिंतीच्या दोन्ही अंगांना उभ्या लावून आरपार दोरीने आवळल्या की भिंत डुलत नाही. तळकोकणात यासाठी माणगा बांबू मिळतो, भरीव आणि सरळ.

छप्पर मात्र खांबांना आणि खांब जोत्याला लोखंडी पट्ट्यांनी धरलेले हवेत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा छपरं कशी उडाली ते रायगडात कोणालाही विचारा.

१०. जोतं आणि पडवी किती?

जोतं चिऱ्याचं, कमीत कमी दोन फूट. पागोळ्या जमिनीवर आपटून फूट-दीड फूट उडतात, त्यांच्या वर पेंढा सुरू व्हावा. चिरा पाणी पितो, म्हणून जोत्याच्या माथ्यावर डांबरी पत्रा किंवा जाड प्लॅस्टिकचा पट्टा. त्यावर भिंतीच्या दोन्ही कडांना लाकडी पट्ट्या आणि मधे खडी. चुकून पाणी आलं तरी गासडी पाण्यात बसणार नाही.

पडवी सहा फूट, दक्षिणेला त्याहून जास्त जमली तर करा. पश्चिमेला आम्ही पेंढाच टाळला. पावसाळ्यात वर्षभराचं सरपण त्या चिऱ्याच्या भिंतीला लागून राहतं.

११. मित्र खरंच येतात का? किती लागतात?

पहिल्या शनिवारी चौदा आले. मुंबईहून रात्रीच्या गाडीने चिपळूण, तिथून सकाळची एसटी. रविवारी दुपारी फोटो काढून अकरा परत गेले. तिसऱ्या आठवड्यात पाच होते, आणि घर त्या पाचांनीच बांधलं असं म्हटलं तर कोणी रागावू नये. गर्दी एकाच दिवशी हवी, ती गासड्या भिंतीत चढवण्याच्या. बाकी रोज चार-पाच हात नियमाने मिळाले तर काम पुढे सरकतं.

गावात सावड आहे: आज सगळे माझ्याकडे, उद्या सगळे तुझ्याकडे. शेजाऱ्यांनी त्याच हिशोबाने गासड्या बांधायला हात लावला. मी पुढच्या आषाढात त्यांच्या तीन खाचरांत लावणी केली आणि एका घराची शाकारणी. शहरातल्या मित्रांना हे लागू होत नाही, त्यांना जेवण लागतं. सकाळी पेज, दुपारी कुळथाची पिठी-भात, चार वाजता कोकम सरबत. एका दिवशी जेवायला तीन वाजले, त्या दिवशीची भिंत अजून ओळंब्यात नाही.

काम वाटून देणारा एकच माणूस ठेवा. तो मालक नसलेला बरा, मालकाला मित्रावर ओरडता येत नाही. येणाऱ्याला मास्क सांगा, पेंढ्याची धूळ दम्याच्या माणसाला बाधते. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं.

१२. कोणतं काम मित्रांना देऊ नये?

सांगाडा, छप्पर, वीज आणि चुना विझवणं. पहिली तीन कामं सुतार आणि वायरमनची, तिथे मजुरी द्या आणि गप्प बसा. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो आणि अंगावर उडतो. डोळ्यांत गेला तर फार वाईट. तो चष्मा, बूट घालून एकट्या जाणत्याने विझवावा आणि लहान मुलांना त्या दिवशी आजोळी पाठवावं. उलट माती तुडवायला मुलंच उत्तम.

१३. गिलावा मातीचा की सिमेंटचा?

मातीचा, बाहेरून शेवटी चुन्याचा. सिमेंटच्या कवचाला तडा जातो, तड्यातून पाणी आत शिरतं आणि मग बाहेर पडायला वाट नसते. भिंत वरून ठणठणीत, आत खत.

सड्याची लाल माती भरड असते, तिला चिकटपणा कमी. खाचराच्या तळाची किंवा तळ्यातल्या गाळाची माती आणून तिच्यात मिसळा. प्रमाण पुस्तकी नसतं. हाताएवढे पाच-सहा नमुने भिंतीवर लावून आठ दिवस बघा. तडे गेले तर वाळू वाढवा, बोटाने झडली तर माती. वाळू खाडीची नको, तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं.

पहिला थर ताकाएवढ्या पातळ मातीचा, तो हाताने पेंढ्यात चोळून जिरवायचा. दुसरा थर दोन-अडीच सेंटिमीटर, त्यात बोटभर लांबीचा चिरलेला पेंढा आणि शेण. तो पुरा सुकल्यावर तिसरा. चुन्याचा हात सावलीत, आणि काही दिवस पाण्याचा शिडकावा देत. चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची जुनी रीत आहे, आम्ही घातलं. आतून मात्र नुसती माती आणि शेणाचं सारवण पुरतं.

१४. आग लागली तर?

दाबलेल्या गासडीत हवा कमी, म्हणून ती सरळ भडकत नाही, वरून काळवंडते. अमेरिकेतल्या चाचण्यांत मातीच्या गिलाव्याच्या भिंतीने एक तास आणि सिमेंट-चुन्याच्या गिलाव्याच्या भिंतीने दोन तास आग अडवली होती.

धोका बांधकामात आहे. खाली पडलेला सुटा पेंढा काडीसारखा पेटतो. रोज संध्याकाळी झाडून दूर न्या. जागेवर विडी-सिगारेट बंद, जावयालासुद्धा. भिंती उभ्या राहतात नेमक्या शिमग्याच्या आगेमागे आणि त्याच दिवसांत सड्यावर वणवे लागतात. आम्ही तिन्ही बाजूंनी दहा-बारा फुटांचा गवत काढलेला पट्टा ठेवला होता आणि पिंपात पाणी. मार्चमध्ये एकदा वणवा त्या पट्ट्याशी येऊन विझला. ती रात्र कोणी झोपलं नाही.

१५. उंदीर, वाळवी, साप?

उंदराला दाणा आणि पोकळी लागते. दाणा काढायचा (४ पाहा), सांध्यांत पेंढा ठासायचा, आणि गिलावा सगळीकडे करायचा: भिंतीच्या माथ्यावर, फडताळाच्या मागे, जिथे कोणी बघणार नाही तिथेही.

वाळवी पेंढा खाते. सिलिकामुळे तिला तो लाकडाइतका आवडत नाही, एवढंच. ती जमिनीतून जोत्यावरून मातीच्या नळ्या करत चढते. म्हणून पेंढ्याच्या भिंतींखालचं जोतं उघडं ठेवा, तिथे फळ्या टेकवू नका. दर पंधरा दिवसांनी फेरी मारून नळी दिसली की खरवडा.

साप भिंतीत येत नाहीत, पेंढ्याच्या थप्पीत येतात. फुरसं आपल्याकडे भरपूर. थप्पीतली गासडी उचलताना आधी काठीने हलवा, आणि बोटं खाली घालून उचलू नका, दोरीला धरा.

१६. वायर, नळ, न्हाणीघर, भिंतीवर टीव्ही?

वायर पाइपमधून, गिलाव्याच्या आत. स्विचचे डबे गासडीत ठोकलेल्या लाकडी खुंट्यांवर. नळ पेंढ्याच्या भिंतीत कधीच नको. स्वयंपाकघराचा मोरीकडचा कोपरा आणि न्हाणीघर आम्ही पश्चिमेच्या चिऱ्याला लावून घेतलं. जड वस्तू टांगायची जागा आधी ठरवा, तिथे सांगाड्याला फळी जोडून ठेवा. नंतर ठोकलेला खिळा हाताने उपसता येतो.

१७. परवानगी आणि कर्ज मिळतं का?

कागदपत्रं इतर घरासारखीच: जागा गावठाणात किंवा बिनशेती, ग्रामपंचायत, नकाशा, अभियंत्याची सही. नकाशावर भार घेणारा सांगाडा लाकडाचा आणि भिंती भरावाच्या असं स्पष्ट दाखवलं की प्रश्न कमी होतात. कर्जाचं अवघड आहे. आम्ही दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडे साहेबांनी चहा पाजला आणि हसून परत पाठवलं. घर टप्प्याटप्प्याने, साठेल तसं बांधलं.

१८. घर झालं, आता एसी लावला तर?

पावसाळ्यात लावू नका. खोली गार आणि बाहेर दमट असली की बाहेरची वाफ भिंतीत शिरते आणि आतल्या गार बाजूला येऊन ओल धरते. त्यावर आतून ऑइलपेंट किंवा वॉलपेपर असेल तर तिला बाहेर पडायला वाट उरत नाही. हे दोन्ही तर कधीच नकोत. पंखा आणि वर वारा जायला झरोका एवढं पुरतं. एसी हवाच असेल तर ती खोली चिऱ्याची करा.

१९. भिंत भिजलीच तर?

आधी गळती शोधा, भिंत नंतर. बहुतेक वेळा वरचं कौल सरकलेलं असतं. पाणी थांबल्यावर भिजलेल्या भागाचा आतला गिलावा फूटभर रुंद काढा, पंखा लावा, रोज मीटर बघा. आठ-दहा दिवसांत आकडा उतरू लागला तर तसंच ठेवून दिवाळीनंतर गिलावा भरा. वास आला, पेंढा काळा आणि चिकट लागला, तर तेवढा उपसून काढा आणि कोरडा ठासून भरा. त्यासाठी दहा-बारा गासड्या माळ्यावर राखून ठेवा. खिडकीखालची जागा सर्वांत आधी तपासा. आमच्याकडे आजवर एकदाच काढावं लागलं आणि ते तिथेच.

दर पावसाळ्याआधी शाकारणी, पावसाळ्यानंतर तडे बुजवून चुन्याचा हात. याला फाटा देणाऱ्याने हे घर बांधू नये.

२०. आमचा प्लॉट समुद्राला लागून आहे.

तिथे आधी सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा, बघा. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा त्यात येतो, खाडीकाठालाही अंतराचे नियम आहेत. कायद्याने जमलं तरी मी तिथे पेंढा घालणार नाही. खारा वारा पट्ट्या-खिळे खातो आणि झड आडवी येते, सहा फुटी पडवीला ती जुमानत नाही.

२१. जुनं चिऱ्याचं घर आहे. आतून गासड्या लावल्या तर गार राहील का?

मोह होतो, पण करू नका. चिऱ्याची भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि दोन्ही अंगांनी सुकते. आतून गासड्या चिकटवल्या की चिऱ्याची ओल थेट पेंढ्यात. गारवाच हवा असेल तर तो छपराखाली शोधा: कौलांखाली लाकडी तक्तपोशी, मधे हवा खेळायला जागा. गासड्यांची हौस असेल तर अंगणात वेगळी खोली बांधा, पाहुण्यांना झोपायला. पहिलं बांधकाम तेवढंच लहान असलेलं बरं.

२२. तुमचं घर बघायला कधी येऊ?

सगळे नाताळच्या सुट्टीत येतात. तेव्हा काय, पत्र्याची टपरीही कोरडीच असते. ऑगस्टात या, सलग आठ दिवस पाऊस लागलेला असताना. मीटर देतो, दक्षिणेच्या भिंतीत सुई घालून आकडा स्वतः वाचा. येताना छत्री आणू नका, गुहागरच्या वाऱ्यात ती उलटी होते.